तळ्यातली आवणी

पाणी चढत होतं तेव्हा पुंजादादा आणि कमूवहिनी पळाले का नाहीत? आपल्या थोरल्या भावाबद्दल अन् वहिनीबद्दल माघ्यानं हे पाड्यातल्या सगळ्यांना विचारलं.

संस्थानानं तळ्यासाठी ओढ्यावर बांध घातला, पाडा हलवायची दवंडी पिटली, आणि पाडा वरच्या माळावर गेला. दादा मात्र म्हणाला होता, "रोपं तयार हायत रं. एवढी खाचरात लावतो, आवणी उरकतो अन् येतो." त्या दुपारी वर मोखाड्याकडे पाऊस कोसळला आणि ओढा एकदम फुगला. दोघांचं काहीच हाती लागलं नाही. ना हाड, ना बांगडी.

आता वैशाखात तळं आटलं होतं. माघ्या बैलांना पाणी पाजायला खाली उतरला आणि थबकला. गाळातून जुन्या खाचरांचे बांध वर आले होते, आणि दादाच्या खाचरात भाताची हिरवीगार रोपं उभी होती. रांगांच्या कडेनं ताजी पावलं. मोठी अन् लहान. सगळ्यांची बोटं काठाकडे.

"आते! वर आले गं ते!"

गौराआते, त्याच्या बापाची बहीण, सरपणाचा भारा घेऊन मागून येत होती. घरात आता ही दोघंच. तिनं भारा टाकला आणि वाकून पावलं बघितली.

"येड्या, आवणी कधी पुढं चालत करतात कं? माणूस वाकतं, रोप खोचतं अन् मागं सरतं. वर नाय आले. आत चाललेत."

"म्हणजे अजून..."

"अजून. पाठ पाण्याकडं. त्यांना काय ठावं पाणी आलंय..." तिनं भारा पुन्हा उचलला. "चल घरी. दमलेत बिचारे. मीबी दमले."

माघ्या कुणाचं ऐकणारा नव्हता. बैल तसेच सोडून तो गाळातून धावत सुटला. रोपांसाठी भाजतात त्या राबाचा धुरकट वास येत होता. शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, गुडघाभर पाण्यात जाऊन तो उभा राहिला. तोंड पाण्याकडे, पाठ खाचराकडे. त्यांना दिसत नव्हतं, तर त्यांच्यासाठी यानं बघावं.

"माघ्या... मागं बघू नको रं..." काठावरून आते.

त्याच्या मागे गाळात काहीतरी खोचल्याचा आवाज झाला. चुबुक. मग शेजारी दुसरा. चुबुक... आणखी जवळ. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मग खूप वेळ वाकलेलं माणूस कंबर सरळ करताना कण्हतं, तसं कुणीतरी कण्हलं, आणि त्याच्या पाठीला एक गार, ओली पाठ टेकली. तिच्या बाजूला दुसरी, लहान. दोघांनी सगळा भार त्याच्यावर टाकला.

"दादा," तो हलक्यानं म्हणाला. "वहिनी... पाणी आलंय. राहू द्या आता."

भार तसाच राहिला. आटलेलं तळं त्याच्या मांड्यांवरून वर चढलं, मग कमरेला लागलं. माघ्यानं पाय गाळात घट्ट रोवले आणि दोघांना टेकू दिलं.