कडुबाच्या वस्तीचा रस्ता

दिवा राहू द्या, पण मोबाइल उलटे ठेवा. गोष्ट मोबाइलचीच आहे आणि खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो इंद्रजीत आजही उस्मानपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानंच मला सांगितली.

"काका, भुताला रेंज लागते का?"

हसून घे तनुजा. या गोष्टीत रेंज कुणालाच नव्हती.

चार डिसेंबर दोन हजार चोवीस, बुधवार. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात एका कांदा व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. इंद्रजीत दुकान बंद करून मोटारसायकलवर गेला, काम उरकलं, चहा घेतला आणि दहा चाळीसला परत निघाला. कडाक्याची थंडी, कानाला मफलर. पाच-सहा किलोमीटरवर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झालेली. तिथल्या एकानं बॅटरीनं इशारा केला.

"भाऊ, गावातून काढा गाडी. म्होरं बाभळीपाशी दोन वाटा फुटत्यात. डावी धरा. उजवी नका धरू."

"उजवी माहितीय," इंद्रजीत म्हणाला.

माहीत असणारच. ती उजवी वाट नकाशावर त्यानंच काढली होती.

तुम्हाला आज खरं वाटणार नाही, पण दहा वर्षांपूर्वी शहर सोडलं की नेट गायब व्हायचं. इंद्रजीतच्या धम्मपाल नावाच्या मित्रानं झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत बसून एक ॲप बनवलं, 'वाटाड्या'. नेटशिवाय चालणारा नकाशा. बिडकीनपासून खुलताबादपर्यंत लोक तो मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून घेत, ब्लूटूथनं एकमेकांना देत. चार-पाच पोरं फोन चालू ठेवून मोटारसायकलवर एकेक पांदण फिरायची. जिथं चाक गेलं तिथं रेघ उमटायची, आणि रेघेवर बोट ठेवलं की फिरणाऱ्याचं नाव दिसायचं.

"नाव टाकावं लागलं की माणूस लबाडी करत नाय," धम्मपाल म्हणायचा.

इंद्रजीतनं केली. दोन हजार पंधराचा एप्रिल. ऊन असं की हॅण्डल धरवेना. एका दिवशी तो बाभळीपासून थोडं आत गेला, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या कडुबाच्या वस्तीकडून थोडं अलीकडं आला. मधला किलोमीटरभर तुकडा राहिला. दोन्ही टोकं एकमेकांकडं तोंड करून होती. लिंबाखाली बसून त्यानं ती बोटानं जोडून टाकली. मध्ये काय असणार?

मध्ये खदान होती.

ती कुणी खोदली ते विचारू नका, मी बोलायला लागलो की रात्र पुरणार नाही. कुठल्याशा रस्त्यासाठी मुरूम उचलला आणि चाळीस फुटांचा खड्डा तसाच सोडून गेले. तार नाही, पाटी नाही. चुना फासलेला एक दगडसुद्धा नाही!

सप्टेंबरात तो खड्डा पावसानं काठोकाठ भरला. उपकेंद्रातली नर्स होती, रत्नमाला, सव्वीस वर्षांची. कडुबाच्या वस्तीवरून बाळंतपणासाठी रात्रीचा निरोप आला. नवी बदली, रस्ता माहीत नाही, फोनला रेंज नाही. पण फोनमध्ये 'वाटाड्या' होता. ती स्कूटीवर निघाली. वस्तीवर पोचलीच नाही.

पेपरात चार ओळी आल्या, 'रस्ता चुकल्याने परिचारिकेचा मृत्यू'. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. चुकली नव्हती ती! दाखवलेल्या रस्त्यानं अगदी बरोबर गेली होती.

धम्मपालनं इंद्रजीतला एकदाच विचारलं, "तू गेला होतास ना रे त्या रस्त्यानं?"

"व्हय," इंद्रजीत म्हणाला. "पावसात खचला असंल."

पुढच्या नकाशातून इंद्रजीतनं गुपचूप ती रेघ पुसली. मग नेट स्वस्त झालं, मोठ्या कंपन्यांचे नकाशे आले, 'वाटाड्या' बंद पडला आणि धम्मपाल पुण्याला गेला. पण नेटशिवायच्या नकाशाची एक गोम असते. फोनमध्ये एकदा उतरला की तो तसाच राहतो, आपण बदलल्याशिवाय बदलत नाही. इंद्रजीतच्या जुन्या फोनमध्ये ती रेघ होती, त्याच्या नावासकट. नवा नकाशा भरायची हिंमत झाली नाही आणि फोन फेकायचीही. नऊ वर्षं तो फोन बॅगेत, चार्ज केलेला. दुखरा दात जिभेनं चाचपतो ना आपण, तसा तो अधूनमधून काढून ती रेघ बघायचा.

तर त्या बुधवारी रात्री बाभूळ आली. अकरा वाजून दहा मिनिटं. डावीकडं वळायचं एवढंच काम होतं. पण बाभळीखाली एक स्कूटी उभी होती. दिवा चालू. शेजारी पांढऱ्या साडीवर स्वेटर घातलेली एक बाई, हातात फोन.

"दादा, जरा थांबता का?"

तो थांबला.

"कडुबाच्या वस्तीवर जायचंय. हाच रस्ता ना?" तिनं फोन पुढं केला. 'वाटाड्या' उघडा होता. बाभूळ, उजवी वाट, सरळ रेघ...



"फोन तर हाच दाखवतोय," ती म्हणाली. मग तिनं रेघेवर बोट ठेवलं. "हे इंद्रजीत कोण? वळखता का तुम्ही?"

इंद्रजीतनं मफलर तोंडावर ओढून घेतला.

"नाय, विचारायचं होतं त्यांना. सोता गेले होते का या रस्त्यानं. गेले असतील तर मंग काळजी नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं इंद्रजीत म्हणतो. ती खरंच विचारत होती. पलीकडं बाळंतपण खोळंबलं असताना माणूस विचारतो तसं.

एक शब्द पुरला असता. मी. किंवा नाय. किंवा नुसतं, थांबा.

"नाय वळखत," इंद्रजीत म्हणाला.

"बरं."

तिनं फोन स्वेटरच्या खिशात टाकला. स्कूटी सुरू केली. उजवीकडं वळली.

लाल दिवा लांब गेला. खाचखळग्यांत खाली... पुन्हा वर. शंभर पावलं. दोनशे.

तेव्हा कुठं याला कंठ फुटला. "ताई! थांबा! रस्ता नाय तिकडं! मीच... ताई!"

दिवा विझला.

आवाज नाही. किंचाळी नाही. पाण्याचा डुबुक नाही. काहीच नाही.

तो धावत गेला. खदानीच्या काठावर थांबला. बॅटरी मारली. पाणी आरशासारखं. एक तरंग नव्हता. मऊ मातीत चाकाचा माग नव्हता. त्याच्याच चपलांचे ठसे, तेवढेच.

किती वेळ बसला, त्याला आठवत नाही. उजाडल्यावर तो घरी गेला नाही. विचारत विचारत लीलाबाईकडं गेला, रत्नमालेच्या आईकडं. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लेकीचा फोटो, नर्सच्या पांढऱ्या साडीतला. वर तोच स्वेटर.

"जयभीम, आई."

"जयभीम. बस बाबा. रातभर झोपला नाय का?"

त्यानं सगळं सांगितलं. एप्रिलचं ऊन, लिंबाखालचं बोट, धम्मपालला मारलेली थाप. लीलाबाई ऐकत होत्या. तोंडावरची रेघ हलली नाही. शेवटी त्यानं बॅगेतला फोन काढला, नकाशा उघडला आणि न बघताच त्यांच्या हातात दिला. बघवत नव्हतं.

"त्या रेघेवर बोट ठेवा. नाव येईल. माझं. इंद्रजीत. पोलिसांना दाखवा, पेपरवाल्यांना दाखवा. तुमची पोरगी चुकली नव्हती."

लीलाबाईंनी चष्मा लावला. बोट ठेवलं. बराच वेळ वाचत राहिल्या. मग फोन त्याच्याकडं वळवला.

बाभळीपासून निघालेली रेघ खदानीच्या मधोमध येऊन थांबली होती. पुढं कोरं. वस्तीपर्यंत काही नाही. आणि रेघेखाली, फिरणाऱ्याच्या नावाच्या जागी, एकच नाव होतं.

रत्नमाला.

"हे तर आमच्या रत्नाचं हाय," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "तुझं नाव कुठंय यात, बाबा?"