पश्चिमेच्या भिंतीची खाट

हे मी सांगू नये, असं मायाताईनं बजावलं आहे. म्हणून ती बाहेर गेल्यावर लिहिते आहे.

एप्रिलअखेर आईचं, म्हणजे जाईबाईचं, पित्ताशयाचं ऑपरेशन अकोल्याच्या एका दवाखान्यात झालं. सोबतीला माया होती. पारा पंचेचाळिसावर. रुग्णांच्या नव्या हॉलला एकही खिडकी नव्हती. दाराशी एक कूलर दमट वारा फेकायचा. घामानं आईचे टाके चिघळले. चार दिवस डोळ्याला डोळा नाही, ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, जखम सुकली नाही तर पुन्हा उघडावी लागेल.

एकच खाट रिकामी होती, पश्चिमेच्या भिंतीला लागून. दुपारभर ऊन खाणारी ती भिंत. मायानं सहज हात लावला, तर माठासारखी गार.

झाडलोट करणाऱ्या मनकर्णामावशीनं त्या खाटेवर बादल्या मांडून ठेवल्या होत्या. माया म्हणाली, "कोन्या पावण्यासाठी राखली व, मावशी?"

मावशी हसली नाही. "तुया मायले तिथं नको नेऊ."

"काहून?"

"थंड हाये... म्हणूनच."

मग तिनं हळूच सांगितलं. पूर्वी तिथं मोठ्या खिडक्यांचा जुना हॉल होता आणि खिडकीशी कडुनिंब. त्याच्याकडे पाहत पाहत माणसं बरी होऊन घरी जायची. हॉल वाढवताना झाड तोडलं, खिडक्या बुजवल्या आणि झाडाच्याच जागी ही भिंत उभी केली. मायाला वाटलं, म्हातारीच्या गोष्टी. उन्हाळ्यात थंड जागा कोण सोडतं? तिनं बादल्या उचलल्या आणि आईला तिथं निजवलं.

आई संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. दोन दिवसांत ताप गेला, टाके सुकले. मायानं मावशीला पेढा दिला. तो तिनं घेतला, पण खाल्ला नाही. पदराच्या गाठीत बांधला.

तिसऱ्या दुपारी आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "किती डोलून राहिलं..."

मायानं पाहिलं. ट्यूबलाइटच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर, बारीक पानांची सावली हलत होती. मोहोराचा कडवट गोड वास आला. तिनं घाईघाईनं आईला दुसऱ्या खाटेवर नेलं. सावली चादरीवरून उठली आणि आईसोबत आली.

दर्यापूरला घरी आणल्यावर सगळे रिपोर्ट चांगले आले. पण आईचा हात गार तो गारच. भर दुपारी ती अंगणात उघड्यावर बसते, तरी ऊन तिच्या अंगाला लागत नाही. जेवण दोन घासांवर आलं आहे. रोज थोडी कमी होते. डॉक्टरांना काही सापडत नाही. माया आता रडत नाही, फक्त शेजारणींना हाकलते. कारण दुपारची कामं आटोपली, की बाया लेकरं घेऊन आईला खेटून बसतात. झाडाखाली बसल्यावानी वाटते म्हणतात. माया खेकसते, बाया म्हणतात, पोरगी उद्धट झाली. तिनं त्यांना काय सांगावं?

परवापर्यंत मीही अभ्यासाला आईजवळच बसत होते. आता आतल्या खोलीत आहे. लाइट गेली आहे, पत्रा तापून कडकडतो आहे, आणि मला घाम नाही.

आई हाक मारते आहे. "अपेक्षा... गोधडी आण व. दोन आण. तुयी पन."

जाते. एवढंच सांगायचं राहिलं, की वहीच्या या पानावर आत्ता बारीक पानांची सावली