पाण्याच्या सणात कोरडे डोळे

"तुमचं वय काय?" शेजारच्या खुर्चीतल्या हिरव्या धब्ब्यानं विचारलं.

नर्सनं माझा चष्मा काढून घेतला होता. उणे बारा नंबर. चष्म्याशिवाय अख्खं च्यांग माय शहर माझ्यासाठी सांडलेल्या रंगासारखं. शेजारी हिरव्या गाऊनमध्ये कुणीतरी होतं एवढंच कळत होतं. आवाज मात्र छान होता... नुकताच हसून थांबल्यासारखा.

"ऑपरेशनच्या आधी बायकांना असं विचारतात?"

"मग हाक कशी मारू? लहान असाल तर नोंग, मोठ्या असाल तर पी. चूक झाली तर आई कान धरेल माझा."

"एकतीस."

"अरेच्चा, मी तीस! म्हणजे पी..."

"तोई. आणि तू?"

"मोक. जन्मलो त्या सकाळी डोंगरावर धुकं होतं, म्हणून धुकं हेच नाव ठेवलं. नंबर उणे दहा. नाव राखलं बघा मी."

मी मोठ्यानं हसले. स्वतःलाच दचकायला झालं. वर्षभरात स्वतःचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

दर दहा मिनिटांनी नर्स येऊन आमच्या डोळ्यांत थेंब घालत होती. "दोघंही शहाणे!" ती म्हणाली. "सुट्टी मिळाली म्हणून सोंगक्रानच्या सणाच्या आदल्या दिवशी ऑपरेशन? उद्यापासून गाव बादल्या घेऊन रस्त्यावर. आणि तुमच्या डोळ्यांत आठवडाभर पाण्याचा थेंब जाता कामा नये."

"मला पाच दिवसांची रजा दिसली फक्त," मोक पुटपुटला.

"मलाही."

ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला सांगणं सोपं असतं. मी सांगितलं. दहा वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, बुबुळ पातळ आहे, लेझर जमणार नाही. तेव्हापासून आई वर्तमानपत्रातली कात्रणं जमवायची. शेवटचं कात्रण या शस्त्रक्रियेचं : बुबुळ तासायचंच नाही, छोट्याशा चिरेतून घडी घातलेलं मऊ भिंग आत सोडायचं, आत गेल्यावर ते आपोआप उलगडतं. आईनं त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती. मी 'पुढच्या वर्षी' म्हणत राहिले. गेल्या पावसाळ्यात आई गेली.

धब्बा माझ्या बाजूला झुकला. मग म्हणाला, "म्हणजे आज तुम्ही एकट्या आला नाहीत."

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं. उठता उठता तो घाईनं बोलला, "पी तोई, उद्या दुपारी बाराच्या बसनं मी मे होंग सोनला परत जातोय. फोन नंबर द्याल?"

"नको. उद्या दहाला तपासणी आहे ना? डोळ्यांनीच भेटू."

केवढी ऐट केली मी!

सकाळी जाग आली आणि छतावरच्या पालीची बोटं दिसली. बोटं! आंब्याच्या प्रत्येक पानाला कडा होती. भिंतीवरच्या फोटोत आईच्या हनुवटीवरचा तीळ उशीवरूनच दिसला. मी किती वेळ तशीच पडून राहिले... आणि मग घड्याळ दिसलं. तेही स्पष्ट. साडेनऊ!

हॉस्पिटल जुन्या शहराभोवतीच्या खंदकापलीकडे, आणि सोंगक्रानमध्ये सगळ्यात जास्त पाणी खंदकावरच. मी स्कूटरचं काच असलेलं हेल्मेट घातलं, वर रेनकोट चढवला आणि पायीच निघाले. पुलाजवळ पाऊल टाकायला जागा नव्हती. ढोल, पिचकाऱ्या, बर्फाच्या पाण्याची पिंपं लादलेले ट्रक. लोक हेल्मेटवर टकटक करून हसत होते. दहा वाजले. सव्वादहा. त्याची तपासणी संपली असेल. नंबर नाही, चेहरा माहीत नाही. बस सुटली की मोक खरोखरच धुकं.

ट्रकवरच्या एका आजीनं बादली उचलली. "तोंडावर नको, आजी! ऑपरेशन झालंय डोळ्यांचं!" मी हेल्मेटच्या आतून ओरडले.

माझ्यासमोर एक भलीमोठी छत्री फाडकन उघडली. बादली तिच्यावर रिकामी झाली.

"आवाजावरून सापडलात, पी तोई!"

तोही हेल्मेटमध्ये. खांद्यापासून खाली निथळत होता.

"तू इथं? तपासणी?"

"बससाठी नऊलाच उरकून घेतली. सव्वादहापर्यंत वाट पाहिली. नर्स म्हणाली, पी पुलावर अडकली असणार. छत्री तिचीच आहे, मोडली तर आपण दोघंही मेलो."

"आणि बस?"

"आधी चेहरा. असं ठरलं होतं ना?"

एका छत्रीखाली आम्ही खेकड्यासारखे तिरपे चालत हॉस्पिटलच्या दारात पोचलो आणि हेल्मेटं काढली. केस चपटे, डोळे लालसर, डाव्या भुवईत एक जुनी खूण. तो बघत होता, मी बघत होते, आणि नर्स आम्हा दोघांकडे.

"काय?" मी म्हटलं.

"काही नाही... मला वाटलं होतं तुम्ही हिरव्या असाल."

"आणि मला वाटलं होतं, तुला कडा नसतील."

तपासणीत मी तक्त्यावरची शेवटची ओळ न अडखळता वाचली. बाहेर आले तर पावणेबारा. तो दारात उभा, हातात भिजून मऊ झालेलं तिकीट. आता ऐट करून चालणार नव्हतं.

"परवा देवळात ठेवलेल्या आईच्या अस्थींवर सुगंधी पाणी घालायचंय," मी म्हटलं. "सोंगक्रानला घालतातच. पण शिंतोडे उडतात. मला भांडं धरता येणार नाही..."

"मग कोण धरणार?"

"तेच विचारतेय."

त्यानं तिकिटाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

दोन दिवसांनी सकाळी देवळात तो माझ्या पुढे बसला, मी त्याच्या पाठीमागे कोरडी. मोगऱ्याची फुलं तरंगणारं पाणी त्यानं स्वतःचेही डोळे जपत, हात लांब करून, अगदी हळू, धार न तोडता ओतलं. मग वाकून म्हणाला, "मावशी, मी मोक. तोईच्या डोळ्यांत थेंबही जाऊ देणार नाही. काळजी करू नका."

मी त्याच्या खांद्यावर बोटानं टोचलं. "नुसतं तोई? पी कुठं गेलं?"

त्यानं वळून पाहिलं. भुवईतली खूण, कानाची लाल झालेली पाळी, सगळं मला स्पष्ट दिसत होतं.

"ते परवाच्या बसनं गेलं," तो म्हणाला. "तू हवं तर परत बोलाव."

मी नाही बोलावलं.