उजवं बटण

पिराजीमामा एरवी शंभर थापा मारतो. उद्यमनगरातली लेथ बंद झाली, शटर अर्धं ओढलं, की पोरांना समोर बसवून स्वतःच्या मर्दुमकीची पुराणं लावतो. पण अमरेशची गोष्ट सांगताना त्याचा आवाज चढत नाही. अमरेश त्याच्याच हाताखाली शिकलेला.

अमरेशनं डिप्लोमा अर्ध्यात सोडला होता. घरी बाप रोज ताटावर बसून त्याची लायकी काढायचा. बाहेर पडायला त्याला एक वाट सापडली. मुरगूडच्या बाळासोकडं पिनबॉलचं जुनं मशीन होतं. काचेखाली लोखंडी गोळी, दोन बाजूंना दोन बटणं. बटण दाबलं की आतला दांडा उठून गोळीला फटका मारतो. एके काळी बाळासो आणि त्याचा धाकटा भाऊ गणपा ते जत्रेजत्रेतनं लावायचे. आता पुण्याचा एक शौकीन ते घेणार होता, आणि दुरुस्तीचं काम अमरेशकडं आलं. तो अमरेशला म्हणालेला, "नवा पार्ट कुठला ते मला ओळखता आलं नाही, तर माझ्या वर्कशॉपला कामाला ये. लगेच ये."

उजवं बटण फुटलेलं होतं. त्याचा अर्धा तुकडा मशीनच्या पोटात, धुळीत सापडला. अमरेशनं नायलॉनचा दांडा लेथला लावून नवं बटण काढलं. डाव्याच्या पिवळेपणाशी मेळ बसेपर्यंत ते चहाच्या पाण्यात ठेवलं, उन्हात वाळवलं, परत बुडवलं. मग झीज. नवशिका सगळीकडून सारखंच घासतो आणि तिथंच पकडला जातो. माणसाचं बोट कधी सारखं घासत नाही. सापडलेल्या तुकड्याला खालच्या कडेला तिरपी खाच पडली होती, जणू दाबणाऱ्याच्या बोटाला शेवटचं पेरच नव्हतं. अमरेशनं ती खाच जशीच्या तशी उतरवली.

गणपाचं बोट उसाच्या चरकात गेलेलं, हे मामाला माहीत होतं. जत्रेत पाऊस झाला, मशीनला करंट उतरला आणि गणपा त्याला चिकटून जागीच मेला; बाळासो कोरड्या लाकडी पाटावर उभा राहून बघत राहिला, हे तर सगळ्या मुरगुडाला माहीत होतं. अमरेशला कोण बोललं नाही. थोरली माणसं अशीच. अक्कल फुकट वाटतात आणि कामाचं तेवढं गिळून बसतात.

गेल्या साली सर्वपित्री अमावस्येला, दिवेलागणीच्या वक्ताला तो बटण घेऊन मुरगुडात पोचला. बाळासोनं दुपारी पितरांना पान ठेवलं होतं. बापाला, आज्याला, चुलत्याला. गणपाला नाही.

बटण बसलं. बाळासोनं त्यावरनं बोट फिरवलं आणि हात झटक्यात मागं घेतला.

"ही खाच कशाला काढलीस?"

"जुन्याला हुती की, आबा."

"घासून गुळगुळीत कर जा."

"मग पुण्याचं पावणं वळखतंय. आन् तुम्हीच म्हणलासा, जुन्यागत पायजे."

"शिकायला नको, तोंड मातूर हातभर."

अमरेशनं स्क्रू आवळला. हे म्हातारं काय बी म्हणू दे, बटणाला हात लावायचा नाही.

पावणं सकाळी येणार, म्हणून तो तिथंच बाहेरच्या सोप्यात, मशीनजवळ आडवा झाला. मशीनची विजेची पिन त्यानं स्वतः काढून ठेवली होती.

मध्यरात्र उलटल्यावर जाग आली.

खट.

उंदीर असंल.

खट. खट.

उंदराला असा ठेका नसतो. हा हात होता. सरावाचा.

त्यानं मोबाईलचा उजेड मारला. डावं बटण गप. उजवं आत जात होतं... बाहेर येत होतं. काचेखाली दांडा उठत होता. गोळी जागची हलली नव्हती.

आतल्या खोलीतनं बाळासो खेकसला, "अमऱ्या, रातचं खेळतोस व्हय रं?"

अमरेश भिंतीपर्यंत मागं सरकला.

खट.

"अमऱ्या..."

खट.

मग थांबलं. थांबलं, ते जास्त वाईट झालं.

आतनं बाळासोचा आवाज आला. बारीक.

"गणपा... मशीनला हात लावू नगंस."

...

"पाय वलं हाईत तुजं..."

...

"गणपा..."

पुढं काही नाही. अमरेश उजाडेपर्यंत भिंतीला चिकटून बसला.

सकाळी बाळासो पलंगावर होता. जिवंत. गुडघे छातीशी धरलेले. त्या दिवसापासून त्यानं जमिनीला पाऊल टेकवलेलं नाही. सून ताट पलंगावरच देते. पावणं आलं. भिंग लावून दोन्ही बटणं बघितली. "दोन्ही जुनीच आहेत," म्हणालं. "मग नवा पार्ट कुठला?" मशीन टेम्पोत चढलं. पावणं म्हणालं, "चल, बस." तो बसला नाही.

"का न्हाई गेला?" पोरांनी विचारलं.

मामाची तंबाखू मळायची थांबली.

"मशीन उचललं, तवा दारातला उजेड फरशीवर पडला. गणपतीच्या आदी बसवलेली फरशी. कोरी. आन् मशीनच्या म्होरं, तिच्यात दोन पावलं झिजलेली. खोल. देवळाची पायरी झिजती न्हाई, तशी. अनवाणी."

"पायाची बोटं मशीनकडं?"

"न्हाई."

"म्हंजी... उलटं पाय?"

मामानं मळलेली तंबाखू तशीच झटकून टाकली.

"उलटं न्हवं. त्यो वळून हुबा हुता. बाळासोच्या दाराकडं तोंड करून."