कोनचा कर्दनकाळ

"येत्या रविवारी तुझा जबडा फोडणार मी! तुझ्या दातांचा चुरा करून कोन गावच्या नाक्यावर फुकट वाटणार!"

मी घाबरून मान वर केली. पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या डॉक्टर प्राचींच्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनवर बसते. दाढा धरून कण्हणारी माणसं मला रोजचीच. पण दुसऱ्याचे दात पाडायची भाषा करणारं कोणी तिथे पहिल्यांदाच आलं होतं. कोपऱ्यातली खुर्ची, निळा शर्ट, सुजलेला गाल, नजर मोबाइलमध्ये. दिसायला... म्हणजे, तो गाल सोडला तर बरा होता. बराच बरा.

"अहो," मी म्हटलं, "पोलिसांना बोलावू का?"

तो दचकला आणि कानापर्यंत लाल झाला. "नाही, नाही— हे खोटं आहे. म्हणजे मी लिहिलंय. कसं वाटतंय ते वाचून बघत होतो."

"कोणाचा जबडा आहे?"

"साताऱ्याचा सैतान म्हणून एक आहे. माणूस खरा आहे, बँकेत असतो. सैतान तेवढा खोटा."

"आणि तुम्ही?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी कोनचा कर्दनकाळ."

मला हसू आवरेना. तेवढ्यात डॉक्टरांनी आतून नाव पुकारलं, "फुजैल!" कर्दनकाळ उठला, दारापर्यंत गेला, आणि परत फिरून माझ्या टेबलाशी आला.

"इंजेक्शन... फार दुखतं का हो?"

बाहेर आला तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, शब्द फुटत नव्हता. त्यानं मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. 'तुम्ही हसलात. मला आतपर्यंत ऐकू आलं.'

मग तसंच लिहून लिहून त्यानं मला सगळं सांगितलं. डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर 'लाल माती' नावाचा एक आखाडा आहे. तिथे प्रत्येकानं आपला पैलवान तयार करायचा: नाव, गाव, स्वभाव, डाव. आव्हान लिहायचं, मग दोघांनी आळीपाळीनं कुस्ती लिहायची. तीन पंच वाचतात. ज्याचं लिखाण भारी, त्याचा पैलवान जिंकतो. अंगाला मातीचा कण लागत नाही.

शेवटी त्यानं लिहिलं, 'तुम्ही या ना. तुम्हाला जमेल.'

"कशावरून?"

'तुम्ही पोलिसांचं नाव काढलंत, तेव्हा माझी दाढ दुखायची थांबली होती.'

आता असं कोणी म्हटल्यावर मुलीनं काय करावं? मी लिंक घेतली.

पैलवान शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या घरातच एक आहे— ताहिरा फुफी, अब्बांची मोठी बहीण. तिनं पनवेलच्या मच्छी बाजारात पाऊल टाकलं की पापलेटवाले आपणहून भाव उतरवतात. माझ्या पैलवानाचं नाव मी ठेवलं 'तुफान ताहिरा'. फुफीला अर्थात काहीच सांगितलं नाही. जिवाची भीती सगळ्यांनाच असते.

पहिलीच कुस्ती लागली ती कर्दनकाळाशी. नव्या माणसाशी पहिली कुस्ती तोच खेळतो, अशी तिथली पद्धत. मी बाह्या सरसावून लिहिलं, 'तुफान ताहिरानं कर्दनकाळाला उचललं, गरागरा फिरवलं आणि आपटलं. तो रडला. त्यानं माफी मागितली. चीतपट. कुस्ती संपली.'

आणि मोठ्या ऐटीत वाट पाहत बसले.

आखाड्यात हसण्याचा नुसता पूर आला. कोल्हापूरचे उदयसिंह म्हणून मुख्य पंच आहेत, त्यांनी लिहिलं, 'ताई, पाडण्याआधी समोरच्याला विचारलंत का?' माझं तोंड एवढंसं झालं. ते ॲप काढूनच टाकणार होते, तेवढ्यात फुजैलचा खासगी मेसेज आला.

'शाजिया, तुम्ही मला पाडलंत.'

'मग? कुस्ती आहे ना?'

'तुम्ही फक्त तुमचा डाव लिहायचा. हात टाकला, पाय अडकवला... एवढंच. पुढे मी पडलो की उभा राहिलो, ते मी लिहिणार. इथला पहिला नियम आहे तो. समोरच्याचा डाव आपण लिहायचा नाही.'

'आणि तुम्ही पडलाच नाहीत तर?'

उत्तर यायला जरा वेळ लागला.

'पडायचं की नाही ते मी ठरवीन. पण तुम्ही नीट हात टाका ना... माणूस पडतोसुद्धा.'

मी मोबाइल पालथा ठेवला आणि एक ग्लास पाणी प्यायले.

त्यानंतर तो मला शिकवत गेला. पैलवानाला एखादी उणीव द्या. ज्याला काहीच दुखत नाही त्याची कुस्ती कोण वाचणार? समोरच्यानं काय लिहिलंय ते आधी नीट वाचा. आणि हरायला शिका. मी भांडकुदळ बाई, हरायचं म्हटलं की माझी बोटं चालत नसत. पण मी हरले, सैतानाकडून हरले, आणखी कोणाकोणाकडून हरले, आणि एकदा माझी ताहिरा गुडघा धरून मातीत बसली आहे असं लिहिताना मलाच भरून आलं. त्या दिवशी उदयसिंहांनी पहिल्यांदा 'शाब्बास' म्हटलं.

आमची आणखी एक गंमत होती. आखाड्यात पैलवान एकमेकांना 'तू' म्हणून ललकारायचे, आणि बाहेर आम्ही अगदी अदबीनं 'तुम्ही'. "तुझी हाडं मोडीन!" असं लिहून झालं की खाली लगेच, 'तुमची दाढ कशी आहे?' मग एक दिवस दुपारी नुसताच मेसेज आला— 'जेवलीस?'

एवढाच शब्द. मी तो किती वेळा वाचला ते विचारू नका.

कोनजवळच्या एका शीतगृहात फुजैल कूलिंगची यंत्रं सांभाळायचा. दाढ बरी झाली तरी तो दवाखान्यात येत राहिला. कधी दात साफ करायला, कधी 'इथे काहीतरी टोचतंय' म्हणून. डॉक्टर प्राची एकदा त्याला तपासून बाहेर आल्या आणि हातमोजे काढत म्हणाल्या, "शाजिया, पनवेलमधले सगळ्यात स्वच्छ दात याचे असतील. आता याला नेमकं काय टोचतंय ते तूच बघ बाई."

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. तो खिडकीबाहेर विमान बघू लागला. विमान केव्हाच निघून गेलं होतं.

आणि मग पट्ट्याची कुस्ती ठरली. वर्षातली सगळ्यात मोठी... तुफान ताहिरा विरुद्ध कोनचा कर्दनकाळ. मी हवेत होते. त्याच आठवड्यात उदयसिंहांनी सहज लिहिलं, 'फुजैल मस्कतला चालला आहे, दोन वर्षांसाठी. तिकडच्या कामातून वेळ मिळणार नाही, म्हणून त्याची ही शेवटची कुस्ती. होऊन जाऊ दे जोरदार.'

मी ते वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला. त्याच्या मामानं तिकडे काम बघितलंय, व्हिसा आलाय, हे सगळं पंचांना माहीत होतं. मला नाही. आमच्याकडे आखातात जाणं काही नवं नाही; माझे अब्बा अर्धं आयुष्य दोह्यात होते. जाण्याचं दुःख मी समजू शकत होते. न सांगण्याचं नाही.

तरी मी विचारलं नाही. मनात म्हटलं, आपला डाव टाकावा. मी लिहिलं, 'तुफान ताहिरा आखाड्यात आली. आज तिनं शड्डू ठोकला नाही. कर्दनकाळासमोर उभी राहिली आणि तिनं नुसता हात पुढे केला. तो सलामीचा होता की कशाचा, ते त्यानं ओळखायचं होतं.'

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'कर्दनकाळानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं आपणहून मातीला पाठ टेकली. पट्टा तिचा. तिच्यापुढे खूप कुस्त्या आहेत. ती कोणासाठी थांबणार नाही. मागे वळूनसुद्धा पाहणार नाही.'

आखाड्यात टाळ्यांचा पाऊस. कोणी रडलं, कोणी मला पैलवान म्हणून सलाम ठोकला. आणि मी? मला असा राग आला, असा राग आला, की खुद्द ताहिरा फुफी दोन पावलं मागे सरकली असती. मी लिहिलं, 'पंच, निकाल थांबवा. फाउल आहे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यात आला. हातात बेकरीतल्या नानकटाईचा पुडा, चेहरा उतरलेला. डॉक्टर जेवायला गेल्या होत्या.

"जिंकलीस की," तो म्हणाला. "निकाल का थांबवलास?"

"पहिला नियम काय होता रे?"

"शाजिया—"

"काय होता?"

"समोरच्याचा डाव आपण लिहायचा नाही."

"'ती थांबणार नाही.' हे कोणी लिहिलं? 'मागे वळून पाहणार नाही.' हे कोणाचं अक्षर?" मी रजिस्टर धाडकन मिटलं. "मी लिहिलं होतं असं? मला विचारलंस तू?"

त्याच्या हातातला पुडा चुरगळत होता, आतल्या नानकटाईचं काही खरं नव्हतं.

"दोन वर्षं, शाजिया," शेवटी तो म्हणाला. "कोणत्या तोंडानं म्हणू, थांब म्हणून? तू हो म्हणालीस आणि मग तुला पस्तावा झाला तर? वाटलं, तुझी सुटका करावी."

"सुटका मी मागितली होती?"

"नाही."

"मग आता नीट खेळ. फक्त तुझा डाव. पुढचा मी खेळीन."

त्यानं खिशातून मोबाइल काढला. मी तो त्याच्या हातातून काढून टेबलावर ठेवला. "आज तोंड बधिर नाही ना? मग बोल."

तो खुर्चीच्या कडेवर बसला. इंजेक्शनच्या दिवशी होता तसाच पांढराफटक.

"मला..." तो म्हणाला. "मला तू आवडतेस. पोलिसांना बोलावू का म्हणालीस ना, तेव्हापासून. मी मस्कतला चाललोय. परत येणार आहे. आणि मला वाटतं की तू..." इथे तो थांबला. "नाही. एवढाच माझा डाव. इथेच संपतो."

किती शहाणा मुलगा! अगदी नियमात बसवून बोलला. माझा सगळा राग डोळ्यांत उतरला आणि तिथून वाहून गेला.

मी टेबलाला वळसा घालून पुढे आले. "शाजियानं त्याचा हात धरला," मी आखाड्यातल्यासारखं मोठ्यानं म्हटलं, आणि धरला. "ती थांबणार आहे. मस्कतहून त्यानं रोज 'जेवलीस?' विचारलं पाहिजे. आणि जायच्या आधी त्यानं आपल्या अम्मीला घेऊन तिच्या घरी यायचं आहे. तिथे ताहिरा फुफी बसलेली असेल. खरीखुरी."

"खरी आहे ती?" त्याचे डोळे विस्फारले. "ताहिरा?"

"खरी. आणि तिच्याशी तुझ्या पैलवानासारखं बोलून चालत नाही."

तो हसला. मग हसू विरलं आणि तो माझ्या हाताकडे बघत राहिला. जिना चढणाऱ्या डॉक्टरांच्या चपला ऐकू यायला लागल्या होत्या, तरी आम्ही दोघं तसेच.

"तुझी पाळी," मी हळूच म्हटलं.

"फुजैल पडला," तो म्हणाला. "चीतपट. कोणी पाडलं नाही हं... त्याचा तो पडला."