तीन बोटांची इच्छा

अंगदनं डावा हात खिशात ठेवला होता आणि दुकानातली पोरगी नेमकी त्या खिशाकडंच बघत होती.

"खिशात काय आहे? उंदीर?"

"हात आहे."

"मंग काढा की बाहेर. गरमी किती आहे…"

जालन्यातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात कूलर होता, पण तो फक्त आवाज करायचा. अंगदनं हात काढला. अंगठा, करंगळी आणि मधे मोकळी जागा. मधली तीन बोटं सळईच्या कारखान्यात गेली होती. लोक तो हात बघून मान वळवायचे, नाहीतर चुकचुकायचे. या पोरीनं – रेणुका तिचं नाव – तो सावकाश, नीट बघितला. दुरुस्तीला आलेला कीबोर्ड बघावा तसा.

"काय दाखवू?"

उत्तर मामांनी दिलं. कारभारीमामा तीर्थपुरीहून भाच्याबरोबर खास आले होते. "गेमचं मशीन, पोरी. कावळ्याला शब्द दिलाय."

रेणुकाची पापणी हलली नाही. "कोणत्या कावळ्याला?"

झालं होतं असं. बोटं डॉक्टरांना जोडता आली नाहीत, तेव्हा आईनं ती मागून घेतली, घरी आणून पुरली आणि गोदाकाठी त्यांचा रीतसर दहावा घातला. पोराच्या अंगातलं एवढं गेलं, त्याला निरोप नको? भटजी आधी हसले, मग आईचं तोंड बघून गप बसले. तीन बोटांचे तीन पिंड. दोन पिंडांना कावळा शिवला, तिसऱ्याला शिवेना.

"पोराचं लग्न लावून देते रे," आई म्हणाली. कावळा ढिम्म. ऊन चढलं, आई रडायला लागली. आपल्याच दहाव्याला हजर असलेल्या अंगदला वाटलं, मेलं ते मोकळं झालं, आपण उरलेले कशाला उभे आहोत? शेवटी मामा ओरडले, "गेमचं मशीन घेऊन देतो!"

कावळा लगेच आला.

"बराबर आहे," रेणुका म्हणाली. "मंग कॉम्प्युटर का कन्सोल? बजेटमधी दोन्ही बसतं. कन्सोलवर फक्त गेम. कॉम्प्युटरवर बाकीचं पण होतं."

"सातबारा निघंल?"

"निघंल."

मामांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पण कावळ्याला सातबाऱ्याचं बोललो न्हाई मी."

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. मग ठरवायच्या नावाखाली अंगद एकटाच यायला लागला.

कॉम्प्युटरवर हाल होते. बोटं होती तेव्हा ड्युटी सुटली की तो सायबर कॅफेत तासन् तास खेळायचा. पण चालायची बटणं डाव्या हाताच्या मधल्या बोटांची. करंगळी एकटी कुठं कुठं धावणार?

"मेला," रेणुका सांगायची. "परत मेला."

घरी मरण हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. इथं ही 'चहा आला' म्हणावं तसं सांगायची. अंगदला बरं वाटायचं.

एका दुपारी तिनं स्टूल ओढलं आणि आपला डावा हात त्याच्या कीबोर्डवर ठेवला. "चालायचं माझ्याकडं. नेम तुमच्याकडं."

दोघांचा मिळून एक शिपाई झाला आणि तो थेट भिंतीला जाऊन धडकला.

"भिंतीत काय शोधून राह्यले तुम्ही?" अंगदनं विचारलं.

"तुम्ही आधी बघा न इकडं!"

"बघतोच आहे…"

"स्क्रीनकडं म्हणते मी."

कोपराला कोपर लागत होतं. मधेच अंगदनं माउस सोडून डावा हात चोळला. "नसलेली बोटं दुखतात," तो म्हणाला. हे त्यानं आईलाही सांगितलं नव्हतं.

रेणुकानं त्या मोकळ्या जागेत आपली बोटं टेकवली. "इथं?"

"…थोडं वर."

तिनं थोडं वर केलं. शिपाई मेला. दोघांपैकी कुणीच तसं म्हणालं नाही.

पुढच्या खेपेला तिनं त्याच्या हातात कन्सोलचा कंट्रोलर दिला. बटणं तिनं आधीच बदलून ठेवली होती. डाव्या हाताचं सगळं काम अंगठ्यावर आलं होतं. अंगद खेळला. एकटा खेळला आणि जिंकला.

"कन्सोल घ्या," ती स्क्रीनकडं बघत म्हणाली. "तुम्हाला एकट्याला जमतं. आता कुणाची गरज न्हाई."

जिंकल्यावर इतकं वाईट वाटतं, हे अंगदला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "इतके दिवस कीव म्हणून बसत होता का शेजारी?"

"कीव असती तर डिस्काउंट दिलं असतं. बोलले का डिस्काउंटचं?"

"न्हाई."

"मंग."

अंगदनं कंट्रोलर हळूच खाली ठेवला. "कॉम्प्युटर द्या."

"डोकं फिरलं काय? त्याला डावा हात लागतो. एकट्याला न्हाई जमायचं…"

"म्हणूनच."

रेणुकाचे कान लाल झाले. आवाज मात्र दुकानदारीचाच राहिला. "तीर्थपुरी काय जवळ आहे? रोज यायला न्हाई जमायचं मला."

"रोज कशाला?" अंगदनं दोन बोटांचा हात काउंटरवर उघडा ठेवला. "एकदाच या… वाजतगाजत."

तिनं कन्सोलचा खोका उचलला, स्टुलावर चढली आणि तो वरच्या फळीवर पार मागं, कुणाचाच हात पोचणार नाही असा ढकलून दिला.