कळवळ्याचा नियम

त्या काळात दुकानात जाऊन वस्तू मागणं हे म्हाताऱ्यांचं खूळ समजलं जायचं. ‘हाजीर’ या ऑनलाइन दुकानावर एकदा नाव नोंदवलं, की वर्षभरात त्याला तुमची नाडी सापडायची. तिखट संपायच्या आदल्या दिवशी तिखट दारात. पाहुणे यायचे असले की चहापूड पाव किलो जास्त. नको असेल ते परत पाठवा, पण परत पाठवायची वेळ शंभरात दोनदा आली तर आली. लोक खूश होते. याला हे सगळं कळतं कसं, असं विचारणारे थोडे, आणि विचारून झाल्यावर पुन्हा तिथंच खरेदी करणारे सगळेच.

कळायचं ते मनठशामुळं. बोटाचा जसा ठसा, तसा मनाचा. तुम्ही काय बघितलं, कशावर किती वेळ थांबलात, पिशवीत काय टाकलं आणि काय परत काढून ठेवलं, त्या सगळ्यातून हाजीरचं यंत्र प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मनाचा एक साचा बनवायचं. हा माणूस कशाला हो म्हणेल, कधी म्हणेल, कुठल्या शब्दाला विरघळेल, ते त्या साच्यात असायचं. विकत घेतलेल्या वस्तूंवरून माणूस थोडाफार कळतो. उचलून परत ठेवलेल्या वस्तूंवरून तो पुरता कळतो.

तासगावच्या पद्मावती ऐतवड्यांचंच बघा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची एकटी बाई. दर दिवाळीला बेचाळीस मापाचा एक पुरुषी शर्ट मागवायची, कपाटात ठेवायची आणि परतीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत पाठवायची. अकरा वर्षं हे चाललेलं. शेजारणीला पत्ता नव्हता. हाजीरला होता.

आणि मग नवरात्रात एका दुपारी हाजीरचे तीन कोटी मनठसे चोरीला गेले.

*

पद्मावतीबाईंची मुलगी विजयमाला ही हाजीरच्या सांगलीच्या मदत केंद्राची प्रमुख. बावीस वर्षं तिनं फोनवर लोकांच्या शिव्या खाल्लेल्या. बाई तोंडानं फटकळ, पण कामाला पक्की. पुण्याच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर फिरोज मुजावर पडद्यावर आले तेव्हा तिनं नमस्कारसुद्धा केला नाही.

“डॉक्टर, चौदा पानांची सूचना पाठवलीय तुम्ही. ही कोण वाचणार? सरळ सांगा. पासवर्ड बदला म्हणायचं ना लोकांना?”

मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मनठसा त्यांनीच शोधलेला. चार दिवस झोपले नसावेत.

“मालाताई, पासवर्ड गेला असता तर मी पेढे वाटले असते. पासवर्ड बदलता येतो. मनठसा म्हणजे तुमचा स्वभाव. तो कसा बदलायचा?”

“म्हणजे चोर करणार काय त्याचं?”

“फोन. आवाजाची नक्कल तर आता शाळेतली पोरंही करतात, त्यात काही नवं नाही. पण बोलायचं काय, हे आजवर चोराला ठाऊक नव्हतं. तो अंधारात दगड मारायचा. आता त्याला माहीत आहे, की तुमचं काळीज कुठं मऊ आहे. बरोबर तेच माणूस, बरोबर तेच शब्द.”

“मग घरात खुणेचा शब्द ठरवा म्हणावं.”

“जो घरात आहे त्याच्याशी ठरवाल. जो तुटून गेलाय त्याच्याशी कसा ठरवणार? चोर नेमका त्याच्याच आवाजात येतो.”

मालानं सुचवलं, “काहीतरी जुनी गोष्ट विचारून खात्री करायची. फक्त दोघांनाच माहीत असलेली.”

“यंत्राला खरं उत्तर माहीत नसतं. पण तुम्हाला कुठलं उत्तर पटेल, ते माहीत असतं. तेवढं पुरतं त्याला.”

त्या संध्याकाळी मालानं ती चौदा पानं बाजूला सारली आणि एका ओळीत नियम लिहिला. तिची पद्धतच ती. जे एका ओळीत सांगता येत नाही, ते गिऱ्हाइकाला कळत नाही, असं ती नव्या पोरींना शिकवायची. ओळ अशी होती: “ऐकून जीव कळवळला, तर फोन ठेवा.”

ती ओळ प्रत्येक खोक्यावर छापली गेली, रेडिओवर वाजली, एसटीच्या तिकिटामागे आली. लोकांनी नावंही ठेवली. कुणाची खरीच अडलेली बहीण फोनवर रडली आणि भावानं फोन आपटला. पण फसणारी माणसं आठवड्याभरात निम्म्यावर आली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, पिऊ देत की! असं माला म्हणाली. कंपनीनं तिचा सत्कार केला.

*

आईची काळजी मात्र तिला एका ओळीत मिटवता येईना.

कारण दादा. अभिनंदन ऐतवडे, मालाहून चार वर्षांनी मोठा. वडलांशी भांडून तो घर सोडून गेला होता. वडील गेले तेव्हा निरोप उशिरा मिळाला आणि तो माती झाल्यावर दुसऱ्या दिवशी उगवला. आई दारात उभी राहून म्हणाली, “आता कशाला आलास?” तो बॅग खालीसुद्धा न ठेवता मागे फिरला. त्याला आता अकरा वर्षं झाली. पत्ता नाही, फोन नाही. आईनं त्यावर एक शब्द कधी काढला नाही. फक्त तो शर्ट.

चोर यायचा तर दादाच्याच आवाजात येणार, हे मालाला लख्ख दिसत होतं. म्हणून तिनं एक काम केलं. कंपनीत रंगीत तालमीची सोय होती. घरातल्या म्हाताऱ्यांची तयारी करून घ्यायला प्रयोगशाळा खोटा फोन करून द्यायची. मालानं दादाच्या लग्नातली जुनी चित्रफीत आवाजासाठी दिली.

पहिल्या फोनला आई सपशेल बुडाली. “आई, तुझ्या हातची आमटी खाऊन किती वर्षं झाली गं,” एवढंच तो आवाज म्हणाला, आणि बाई हुंदके देत हातातल्या पाटल्या काढायला लागली.

माला त्याच दिवशी तासगावला गेली आणि तिनं आईला फैलावर घेतलं. “तो दादा नव्हता! मशीन होतं. पाटल्या काढून देत होतीस होय गं?”

आई पदराच्या टोकाशी चाळा करायला लागली. “मशीन होय,” ती म्हणाली. “बरं बोललं पण.”

“नियम काय आहे? म्हण.”

“जीव कळवळला तर फोन ठेवायचा.”

“परत म्हण.”

आईनं परत म्हटलं. पाढे म्हणून घ्यावेत तसं मालानं पाच वेळा म्हणून घेतलं. दुसऱ्या तालमीला आईनं अर्ध्या मिनिटात फोन ठेवला, तिसरीला दहा सेकंदांत. माला सुटकेनं रडली. आपण काय घडवतोय, हे तिला तेव्हा कळलं नाही. कुणाला कळलं असतं?

*

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारी दोनच्या सुमाराला आईचा फोन आला. आवाज असा, की शाळेत पहिला नंबर आलाय.

“माले, आज पण आला होता बघ. ठेवला मी. पास का?”

तिसरी तालीम ही शेवटची होती. आज कुठलाही फोन ठरलेला नव्हता.

“काय म्हणाला?”

“काय नाय. नीट बोलतच नव्हता. मी म्हटलं, बिघडलंय वाटतं मशीन.” आई म्हणाली. “पण आवाज ऐकला आणि जीव कळवळला. मग ठेवला. तूच सांगितलंयस न्हवं.”

आईच्या फोनवर ‘राखण’ बसवलेली होती. चोरी झाल्यावर कंपनीनं सगळ्यांना दिलेली ही सोय: अनोळखी फोन आला की बोलणं साठवून प्रयोगशाळेकडे पाठवायची. मालानं ते एक्कावन्न सेकंदांचं बोलणं मागवलं आणि दार लावून ऐकलं.

“आई... मी आहे. ठेवू नको. म्हणजे ठेव, तुझी मर्जी. उद्या माझं ऑपरेशन आहे सकाळी. काही नाही तसं, म्हणजे आहे, पण... ते जाऊ दे. ती आपली लाल गाय होती ना, शिंग मोडकी, तिचं नाव काय गं? रात्रभर आठवतोय. आठवेना. मी सहाला परत करतो फोन. उचल एवढंच. आणि तू त्या दिवशी जे म्हणालीस...”

इथं आईनं फोन ठेवलेला.

नंबर लपवलेला होता. मालानं ते मुजावरांकडे धाडलं आणि अर्ध्या तासात त्यांचा फोन आला.

“मालाताई, जुळणी काढली.” जुळणी म्हणजे समोरच्याचं बोलणं आपल्या मनठशाला किती टक्के नेमकं लागू पडतं, त्याचं माप. “चोराचे फोन कायम नव्वदच्या वर असतात. तुमच्या तालमीचा पहिला फोन शहाण्णव होता. हा एकतीस आहे.”

“म्हणजे?”

“चोर गाईचं नाव कशाला विचारेल? त्यात त्याला मिळणार काय? आणि त्या दिवसाचा विषय तर तो मुळीच काढणार नाही, तिथं तुमची आई मिटते. माफीची भाषा नाही, आमटी नाही, काही मागणं नाही.” मुजावरांचा आवाज हळू झाला. “खरी माणसं अशीच बोलतात, ताई. चुकीचं, अडखळत. तो तुमचा भाऊ आहे.”

मालाला रडू कोसळलं. अकरा वर्षं ज्या वाक्याची ती आईपेक्षाही जास्त वाट बघत होती, ते हेच. त्या दिवशी दारात आईच्या मागं ती उभी होती. तिनंही दादाला थांबवलं नव्हतं.

तिनं लगेच आईला फोन लावला. “आई, ऐक. तो खराच दादा होता गं! सहाला परत करणार आहे. उचल, काय वाटेल ते होऊ दे, पण उचल!”

पलीकडून आईचा आवाज आला, अगदी सावध, परक्या बाईशी बोलावं तसा.

“कोण बोलतंय?”

“मी माला!”

“हां,” आई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर तिनं उचललाच नाही.

*

सांगली ते तासगाव अंतर ते केवढं, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. उसाच्या गाड्या आडव्या, पुलाचं काम. माला दारात पोचली तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती. आई कॉटवर बसली होती. शेजारी फोन, मांडीवर तो बेचाळीस मापाचा शर्ट, अजून प्लास्टिकमधला.

“मगाशी तूच होतीस होय?” आई म्हणाली. “मला वाटलं, तुझा आवाज काढला कुणी.”

“मीच होते. आता तर समोर आहे ना? हात लावून बघ.” मालानं तिचा हात स्वतःच्या गालावर ठेवला. “दादाच आहे तो, आई. गाईचं नाव विचारलं त्यानं.”

“चंद्री,” आई म्हणाली. “तोंडापर्यंत आलं होतं माझ्या.”

“मग झालं तर! सहाला उचलायचा.”

आईनं होकार दिला नाही. म्हातारी चौथी शिकलेली, पण डोकं शाबूत.

“तुला कोण म्हणालं, खरा हाय म्हणून?”

“डॉक्टर मुजावर.”

“ते इथं आले होते?”

“नाही. फोनवर.”

“फोनवर,” आई म्हणाली. “आणि ते ऐकून तुला कसं वाटलं?”

माला ‘रडू आलं’ असं सांगायला गेली, आणि तेच तिला खटकलं. हाजीरच्या प्रत्येक नोकराचं हाजीरवर खातं होतं. तिचाही मनठसा त्याच चोरीत गेलेला. मुजावरांच्या त्या बोलण्याची जुळणी कुणी काढली होती? ‘तो तुमचा भाऊ आहे.’ यापेक्षा नेमकं तिच्या काळजाला लागणारं दुसरं वाक्य जगात नव्हतं. आणि चोर शहाणे असतील तर एव्हाना अडखळायला शिकले नसतील कशावरून? आईपर्यंत पोचायचं तर आधी लेकीला पटवायचं, एवढं त्यांना कळत नसेल?

खरंही असेल. खोटंही असेल. तिच्याजवळ तपासायला एकच माप होतं, स्वतःचं मन, आणि तेच चोरीला गेलं होतं.

फोन वाजला. पडद्यावर नंबर नव्हता.

मालाचा हात पुढं गेला.

“कळवळलं का गं तुला?” आईनं विचारलं. रागानं नाही, अगदी मायेनं.

मालाला खोटं बोलता आलं नाही. तिनं मान डोलावली.

“मग नको उचलू,” आई म्हणाली.

फोन वाजत राहिला. शेजारच्या खोलीतल्या घड्याळानं सहाचे ठोके दिले, तरी तो वाजत होता. दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, आणि कुणी कुणाला अडवून धरलंय, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग तो थांबला. आईचे ओठ हलले. ‘चंद्री’ म्हणाली असावी. आवाज आला नाही.

बऱ्याच वेळानं तिनं मांडीवरचा शर्ट उचलून लेकीच्या पुढं केला.

“शर्टाची मुदत आज संपतीय बघ,” ती म्हणाली. “तेवढं परतीचं भरून दे मला.”